हवा की पाणी

"कॉम्प्युटरचा डबा गार ठेवायला पंखाच पुरे आहे हो," कॉम्प्युटरवाला पुन्हा म्हणाला, आणि साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुरे? हा आवाज ऐकताय ना?"

आवाज न ऐकून सांगतो कुणाला! डबा कितपत तापतो ते बघायला कॉम्प्युटरवाल्याने सगळ्यात जड गेम चालू ठेवला होता, आणि टेबलाखाली नुसती घरघर चालली होती. दोघंही ओरडूनच बोलत होते.

"पाण्याचा कूलर म्हणजे पंप आला, नळ्या आल्या. उद्या गळला तर आतलं सगळं बाद. त्यापेक्षा मोठा पंखा बसवू. आवाज निम्मा होईल."

"निम्मा! आत माझी बायको तापाने पडलीय. या घरघरीने तिचं डोकं फुटायची वेळ आलीय, आणि तुम्ही निम्म्याच्या गोष्टी करता?"

साहेबांचा संताप खोटा नव्हता. स्वतःपुरतं म्हणाल तर ते कानाला हेडफोन लावूनच खेळत. त्यांना कसला त्रास? जीव तुटत होता तो बायकोसाठी. पण हे समजून घेईल तो कॉम्प्युटरवाला कसला!

"मग वहिनींनाच विचारा," तो म्हणाला.

"विचारतोच! अगं ए, हवेचा बसवू की पाण्याचा?"

आतून क्षीण आवाज आला. अर्धा घरघरीतच विरला.

"...पाणी..."

"ऐकलंत? नक्की ना गं? परत एकदा सांग!"

"पाणी हवंय!"

"घ्या!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "एवढ्या तापात ती बिचारी सांगतेय, आणि तुम्ही मला पंखे दाखवताय! गिऱ्हाइकाला काही कळत नाही, असंच वाटतं ना तुम्हाला?"

कॉम्प्युटरवाल्याने वाद सोडला आणि डबा बंद करून पेचकस हातात घेतला. खटखटीचा तिला त्रास होऊ नये म्हणून साहेबांनी आतलं दार अलगद ओढून घेतलं. गेम म्हटलं की नाक मुरडणारी बायको, आणि आज तिने स्वतःहून त्यांची बाजू घेतली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी घडलं नव्हतं.

कूलर बसला. तोच जड गेम पुन्हा सुरू झाला, तरी डबा चालू आहे की बंद, कळेना.

"मानलं वहिनींना," कॉम्प्युटरवाला हसत म्हणाला.

साहेबांनी लगबगीने दार उघडलं. ती पलंगाला टेकून बसली होती.

"आता बघ! काही ऐकू येतंय का?"

"मला येतंय," ती म्हणाली. "तुम्हाला येतंय का? मघापासून घसा फोडून सांगतेय, मला प्यायला पाणी हवंय!"