लमीसच्या बाबांचं म्हणणं

सीरियातल्या होम्स शहरातल्या शाळेत हियामबाई पहिलीच्या मुलांना समजावत होत्या, "दुसऱ्याचं म्हणणं पटलं नाही तरी हसायचं नाही, चिडायचं नाही. शांतपणे ऐकून घ्यायचं."

लमीस उठून उभी राहिली. "बाई, माझे बाबा म्हणतात, भिंतीवरच्या फोटोतल्या राष्ट्राध्यक्षांनी आता घरी बसावं."

कुणी हसलं नाही. अख्खा वर्ग शांतपणे ऐकत होता. पहिल्याच बाकावर सुलाफ होती, आणि तिचे वडील गुप्त पोलिसांत होते.

हियामबाईंनी आजवर एकाही मुलावर हात उगारला नव्हता. त्यांनी लमीसच्या थोबाडीत मारली.

"खोटारडी! बाबांच्या नावावर काहीही खपवतेस? सांग सगळ्यांना, खोटं बोललीस म्हणून!"

"मी खोटं बोलले," लमीस हुंदके देत म्हणाली.

संध्याकाळी लमीसला घेऊन तिचे वडील बाईंच्या दारात आले. पोरीच्या गालावर बोटं उमटली होती. बाईंना मान वर करवेना.

"माफ करा, माझ्या हातून..."

त्यांनी बाईंपुढे मिठाईचा डबा धरला.

"उपकार झाले, बाई. घरी मीही दोन ठेवून दिल्या. आता नाही ती कधी तोंड उघडायची."