कामगिरीचा रकाना

राखी आळेफाट्याला वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत बसून पुण्यातल्या कंपनीसाठी नोकरीचे अर्ज चाळत होती. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट गुगलच्या शोधात वर आणणारा एक माणूस हवा होता. अर्ज आले होते चारशे. चाळता चाळता गोरखसरांचं नाव दिसलं. वेबसाइट वर आणायचं हे काम तिला सरांनीच शिकवलं होतं. तिने घाईने फोन लावला. "सर, तुम्ही अर्ज केलाय?" "क्लास बंद पडला गं. पोरं आता एआयलाच इचारत्यात. आठ महिने झाले, कुनी बोलवत न्हाई. तू हायेस म्हनून लई धीर आला बघ." राखीने कंपनीतल्या साहेबांकडे सरांसाठी शब्द टाकला. "वय बेचाळीस? पस्तिशीपुढचं कुणी नको म्हटलं होतं ना," साहेब म्हणाले. तिने अर्ज पुन्हा उघडला. 'आजवरची कामगिरी' या रकान्यात सरांनी एकच ओळ लिहिली होती: 'राखी ओसवाल, माझी विद्यार्थिनी.' तिने 'नामंजूर' दाबलं.