डी जात नाही

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चिंचपोकळीच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दौलत घाडींच्या कॉम्प्युटरवर लिनक्स सुरू झालं. स्क्रीनवर हिरव्या डोंगराचं चित्र आलं. मधोमध मराठीत लिहिलं होतं, 'स्वागत आहे.'

जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले होते आणि नवं या मशीनला झेपणारं नव्हतं. म्हणून हैदराबादहून मुलीने, अपेक्षाने, पेनड्राइव्ह कुरियर केला होता. सोबत कागदावर बारा पायऱ्या. पहिली पायरी, बॅकअप घ्या. आठवी, 'डिस्क पुसून टाका' हे निवडा. घाडींनी बाराही पायऱ्यांपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

"झालां काय त्या डब्याचां लगीन?" मोरीत बांगडे साफ करता करता बायकोने, लक्ष्मीने, विचारलं.

"झालां," घाडी म्हणाले आणि कोश शोधू लागले.

कोश मालवणी शब्दांचा होता. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यात गेली होती. चार हजार तीनशे सोळा शब्द, प्रत्येकापुढे अर्थ, आणि कंसात सांगणाऱ्याचं नाव. 'ह' संपला की छापून घ्यायचं ठरलं होतं. 'ह'चे थोडेच शब्द उरले होते.

'दस्तऐवज' नावाचा फोल्डर रिकामा होता. 'डाउनलोड' रिकामा. घाडींनी डी ड्राइव्ह शोधला. डी नव्हता. सीसुद्धा नव्हता.

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. डोंगर आला. स्वागत आहे.

हा कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, कामाचं सगळं डीमध्ये ठेवा. फॉरमॅट मारला तरी डी जात नाही." त्यानंतर तीनदा फॉरमॅट मारला गेला. तिन्ही वेळा डी जागेवर होता. घाडींनी कोशाची दुसरी प्रत काढली होती. तीही डीमध्येच होती.

अपेक्षा फोन उचलेना. सहाव्यांदा पूर्ण रिंग वाजल्यावर त्यांनी नवी कोरी फाइल उघडली आणि आठवेल तसं टाइप करायला घेतलं. झील. चेडू. आवस. बापूस. व्हाळ. भराभर आठवत होते. चाळिसाव्या शब्दाला त्यांच्या लक्षात आलं की हे रोजचे शब्द गावाकडे कुणालाही येतात. कोश यांच्यासाठी केला नव्हता. रामजी तांडेलांनी वाऱ्याची एकोणीस नावं सांगितली होती. त्यांतली तीन आठवली. रामजी गेल्या वर्षी वारले.

एक वाजून दहा मिनिटांनी अपेक्षाचा फोन आला.

"बाबा, बारशाला गेले होते, फोन पर्समध्ये राहिला. काय झालं? सहा मिसकॉल?"

"डी दिसत नाहीये."

"लिनक्समध्ये डी नसतोच. पण बॅकअप घेतलात म्हणालात ना? तो कशावर आहे?"

"डीवर."

पलीकडे कुणीतरी पाळण्याचं गाणं म्हणत होतं.

"बाबा," अपेक्षा म्हणाली, "डिस्क एकच होती. सी आणि डी म्हणजे एकाच खोलीत घातलेलं पार्टिशन. आपण खोलीच पाडली."

घाडींनी कागदावरची आठवी पायरी पुन्हा वाचली.

"ऐका. काही काही परत मिळतं. पण त्यावर नवीन काही लिहिलं नसेल तरच. नाही ना लिहिलं?"

"एकशे बारा शब्द."

"सेव्ह केलेत?"

"आता करणार होतो."

"नका करू! नवीन जे येतं ते जुन्याच्या जागी जाऊन बसतं. कुठल्या जागी, ते आपल्याला कळत नाही. काही करू नका, सरळ प्लग काढा."

"मग हे एकशे बारा?"

"ते जाऊ देत, बाबा."

घाडींनी स्क्रीनकडे पाहिलं. शेवटची ओळ अर्धी होती. ती वाचून त्यांनी खाली वाकून प्लग उपसला.

मग त्यांनी कपाटातून शंभर पानी वही काढली आणि पुन्हा 'झील'पासून सुरुवात केली. लक्ष्मी हात पुसत बाहेर आली. तिने एकदा बंद स्क्रीनकडे पाहिलं, एकदा वहीकडे.

"गो," मान वर न करता घाडी म्हणाले, "सुकती झाल्यावर खाजणात पाणी अडकून ऱ्हवता, मासो गावता त्यात. त्येका तुज्या म्हायेराक काय म्हणत?"

लक्ष्मी खाटेच्या कडेला बसली. ओठ हलले. आईच्या आवाजात तो शब्द तिच्या तोंडाशी आल्यासारखा वाटला. मग तिने मान हलवली.

"नाय आठवना."

"तूच सांगितलंस माका. दोन वर्षांपूर्वी. हयच बसान."

"सांगितलंय. पण तुमी लिवन घेतलात मां," ती म्हणाली. "मगे मी कित्याक ध्यानात ठेवू?"

सोमवारी सकाळी डिस्क दुरुस्तीवाल्याकडे गेली. मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत त्याला दोनशे चाळीस फाइली सापडल्या होत्या. एकीलाही नाव नव्हतं आणि तोवर एकही उघडली नव्हती. वहीत सत्त्याण्णव शब्द झाले होते. अठ्ठ्याण्णवाव्या ओळीवर 'ओहोटीनंतर खाजणात अडकून राहणारं पाणी' असा अर्थ लिहिलेला होता, कंसात लक्ष्मीचं नाव होतं. शब्दाची जागा मोकळी सोडलेली होती.