वयाचा पुरावा

"पाळणा थांबवायच्या गोळ्या अठराच्या आतल्या पोरींना देत नाही, मादाम. ओळखीचं कार्त दाखवा," दवाखान्यातला कारकून म्हणाला.

"अरे, माझी थोरलीच सोळाची आहे! हे पिकलेले केस दिसत नाहीत तुला?" कुंती करवादली.

"नियम आहे."

त्याने कार्तावरून वहीत वय लिहिलं, आणि वयाच्या आडून नाव, नवऱ्याचं नाव, गाव, सगळंच उतरवून घेतलं. घरी कळलं तर सासू कुंतीला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हती, आणि मागच्या बाकावर तिच्याच गावच्या, ग्रां बुआच्या, दोन बाया नंबर लावून बसल्या होत्या.

"ही वही कोण वाचतं रे?"

"कुणी नाही. इथं सही करा."

सहीला वाकली तर वरच्याच ओळीत धाकट्या जावेचं नाव. इंद्राणीचं! तिची कूस उजवावी म्हणून सासू तीन वर्षं दर मंगळवारी गणपतीपुढे नारळ फोडत होती.

कुंतीने सही केलीच नाही. आधी जावेचं नाव गिरगटून काळं केलं, मग स्वतःचं.

"अहो, हे काय करताय?" कारकून ओरडला.

"वय बघितलंस ना? तेवढंच तुझं काम. आता गोळ्या दे. दोघींना पुरतील एवढ्या."