विमान उडाल्यावर लावायचा फ्लेक्स

“माह्या बाजूले एका फोटोची जागा सोडजो,” ललित म्हणाला. “फोटो आखरीले धाडतो.”

किशोरने मान डोलावली. अमरावतीत फ्लेक्स छापणाऱ्याला यात नवीन काही नव्हतं. प्रत्येक फ्लेक्सवर कोणत्या ना कोणत्या भाऊंची जागा सोडावी लागते, आणि भाऊ कोणते हे शेवटपर्यंत ठरत नाही. म्हणजे आता याला पुढारीही शुभेच्छा देणार. किशोरने माउस जरा जोरातच टेबलावर आपटला.

ललित त्याचा शाळेपासूनचा दोस्त. आयटीआयमध्ये किशोरच्या वह्या उतरवून पास झालेला. आणि तोच आता पोलंडला निघाला होता, गोदामात सुपरवायझर म्हणून, शिवाय राहायला कंपनीनं ठरवून दिलेलं भाड्याचं घर. बाहेरदेशी जायची हौस खरी किशोरची. पाच वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचा आणि धाकट्या कुलदीपचा पासपोर्ट मोठ्या उत्साहानं काढून आणला होता. पण व्हिसा मिळाला नाही, आणि तो राजकमल चौकाजवळच्या गाळ्यात दुसऱ्यांची अभिनंदनं छापत बसला.

“महिना हाय जायले, पण तू बनवून ठेव,” ललितची आई सुंदराबाई म्हणाल्या. “आन् इमान उडल्याबिगर लावायचा नाई. लोकायची नजर लागते बाप्पा.”

लोकांची म्हणताना त्या बघत होत्या किशोरकडे.

फ्लेक्सवर कंपनीची इमारत आणि ते घर हवं होतं. फोटो मोबाइलवरून आलेले, मोठे केले की फुटायचे. अशा वेळी किशोर इंटरनेटवर तोच फोटो मोठ्या आकारात शोधायचा. तसा त्यानं शोधला आणि तो सापडला. कंपनीची इमारत म्हणजे भलत्याच देशातलं एक इस्पितळ होतं. घर म्हणजे समुद्रकाठच्या हॉटेलातली खोली.

मग त्यानं कंपनीचं नाव शोधलं. फसलेल्या पोरांनी लिहून ठेवलं होतं. कंपनीचा माणूस विमानतळावरच उभा असतो, नोंदणीच्या नावाखाली पासपोर्ट आणि मोबाइल काढून घेतो. मग एकेका खोलीत पंधरा-पंधरा जण. भाडं पगारातून कापतात आणि पगार काही हातात पडत नाही. घरच्यांना महिनोन् महिने पत्ता लागत नाही.

किशोरने लगेच ललितचा नंबर काढला. थोडा वेळ त्याच्या फोटोकडे पाहिलं. गॉगल लावून हसत होता. किशोरने फोन खिशात टाकला. त्या दिवशी त्याला कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी ललित स्वतःच आला.

“तुले फोटोतलं समजते. इमारत, घर, सारं खरं वाटते ना? खोटं असंन तर आताच सांग, अजून पैसे भरले नाई.”

किशोर स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, “ओरिजिनल हाय. मी पाह्यलं नीट.”

“मंग झालं. तुह्याच शब्दावर थांबलो होतो.”

रविवारी कुलदीप आला. तो अकोल्याला एमआयडीसीत फिटर होता. आई-वडिलांमागे किशोरनेच त्याला वाढवलं होतं. कंपनीच्या ओळखपत्राला पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो हवा म्हणाला. किशोरने त्याला दुकानात फोटोसाठी ठेवलेला, वरचं बटण तुटलेला काळा कोट घातला. हनुवटी धरून मान सरळ केली आणि फोटो काढला.

“दादा, ललितभाऊच्या कंपनीचं तूच पाह्यलं म्हणे. चांगली हाय काय?”

किशोरला मिरच्या झोंबल्या. घरचा पोरगाही त्याचंच कौतुक करणार.

“एक नंबर हाय. तुले काय करायचं?”

“काई नाई, असंच,” कुलदीप म्हणाला. कोट काढून त्यानं नीट घडी घातली, आणि जाताना दादाच्या पाया पडला. अकोल्याला परत जाताना तो नेहमीच पडायचा.

महिना सरला. बडनेरा स्टेशनवर ललितला पोहोचवायला किशोरही गेला. मुंबईची गाडी यायची होती. ललितनं त्याला कडकडून मिठी मारली, तेव्हा किशोरला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. आत्ताही सांगता आलं असतं.

“ललित, एक सांगू काय—”

“सांगशीन मंग,” सुंदराबाई मध्येच हसून म्हणाल्या. “तुहा पासपोर्ट तसाच कोरा राह्यला ना रे, किशोर? माहा पोरगा पाह्य कसा निंगाला.”

किशोरने ललितच्या पाठीवरचे हात काढून घेतले.

“एकटाच जाते काय?” त्यानं विचारलं.

“नाई. रस्त्यात एक पोरगा चढते. एकाले दोघं बरे,” ललित म्हणाला.

म्हणजे आणखी एक जण फसणार. कोणाचा असेल तो असेल, किशोरनं मनाशी म्हटलं, आपण काय साऱ्या दुनियेचा ठेका घेतला आहे? गाडी आली, ललित चढला. किशोरनं सगळ्यांपेक्षा उंच हात हलवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुंदराबाई पेढे घेऊन दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. फ्लेक्स तयार होता. ललित मधोमध, डोक्यावर विमान, बाजूला तो रिकामा गोल. किशोरने पेढा तोंडात टाकला, आणि फोनवर मेसेज वाजला.

“आला पाह्य फोटो,” सुंदराबाई म्हणाल्या. “छाप आता. इमान उडलंच समज.”

“कोणते भाऊ हायेत?” म्हणत किशोरने फोटो उघडला.

पांढरं बॅकग्राउंड. काळा कोट. वरचं बटण तुटलेलं.

खाली लिहिलं होतं: “दादा, तुले आदी सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतं, म्हून तुले फ्लेक्सवरच दाखवाचं ठरवलं. तू एक नंबर म्हणला तवाच मी हिंमत केली. फोन बंद करतो आता. उतरल्यावर कंपनीचा माणूस घ्यायले येणार हाय.”