रांगेतलं पहिलं काम

रांग मोकळी झाली, अडलेले सगळे निरोप गेले आणि कुणाचंही नुकसान झालं नाही, असं अहवालात लिहिलेलं आहे. तो अहवाल अजून कुणी लिहिलेलाच नाही असं समजू आणि दुपारकडे येऊ.

दुपारी रांग अडली होती. किडनीची वाट बघणाऱ्या रुग्णांना निरोप पाठवणारं ते सॉफ्टवेअर त्यानेच बांधलं होतं. हॉस्पिटलमध्ये किडनी आली की पडद्यामागे एक काम तयार व्हायचं, रांगेत उभं राहायचं आणि पाळी आली की रुग्णाच्या फोनवर निरोप जायचा. रुग्ण हो म्हणाला तर त्याची, नाही तर पुढच्याची.

आज रांगेच्या तोंडाशी एक काम ठाण मांडून बसलं होतं. चालायचं, पडायचं, पुन्हा उठून चालायचं, पुन्हा पडायचं. मागे बाकीचे निरोप खोळंबले होते. पुढचं संपल्याशिवाय मागचं हलणार नाही, हा नियम त्याचाच. कुणी वशिल्याने मध्ये घुसू नये म्हणून. एकदा काढलेलं काम परत रांगेत घालायचं तर अर्ज करावा लागे, आणि अर्जात रुग्णाशी नातं लिहिलं की तो आपोआप फेटाळला जाई. नातं नसलेला माणूस अर्ज कशाला करेल, असं शंकासुराने तेव्हाच विचारलं होतं.

शंकासुर म्हणजे शेजारच्या टेबलावरची टेस्टर. हे नाव तिला ऑफिसने दिलं होतं, आणि तिने शंका न घेता स्वीकारलेली ती एकमेव गोष्ट होती.

हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंचा फोन येऊन गेला होता. किडनी बर्फात आहे, ती तुमच्या सॉफ्टवेअरसाठी थांबणार नाही, असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

मग थोरल्या बहिणीचा फोन आला. ताईचा फोन डायलिसिसच्या खुर्चीवरून नेहमी याच वेळी यायचा. नोंदणीचा फॉर्म तयार झाला तेव्हा सगळ्यात आधी तिनेच तो भरला होता, आणि बटण डोळ्यांत खुपतं म्हणून त्याचा रंगही बदलायला लावला होता. यादीत आपण कुठे आहोत, हे तिने कधी विचारलं नाही. त्यानेही कधी पाहिलं नाही. पाहणं नियमात बसत नव्हतं.

“माझं काही?” ताई म्हणाली.

“आज रांगच अडलीय गं.”

“मग माझ्याशी काय बोलत बसलायस? पुढे कोण बसलंय त्याला उठव.”

तो हसला आणि कामाला लागला. मागे खोळंबलेल्यांत ताईही असेल, असं त्याच्या मनात आलं. तो विचार त्याने नियमाप्रमाणे बाजूला सारला.

काम का पडतंय ते लवकरच सापडलं. ‘चाचणीची नोंद. निरोप पाठवता येत नाही.’ त्याचा जीव भांड्यात पडला. सॉफ्टवेअर तपासायला खोटे रुग्ण भरावे लागत; त्यांच्यावर चाचणीची खूण असे, आणि खूण असलेल्यांना निरोप जात नसे. शंकासुर या रुग्णांना भाज्यांची नावं द्यायची.

“तुझा दोडका रांग अडवून बसलाय,” तो म्हणाला.

“माझी भाजी मी केव्हाच साफ केली. नोंद उघडून नाव बघू.”

रांगेत फक्त लांबलचक क्रमांक दिसे. नाव बघायला हॉस्पिटलची परवानगी लागे. हाही त्याचाच नियम. तिने परवानगी मागितली. उत्तर येईना.

“थांब ना जरा,” ती म्हणाली.

“मागची माणसं खरी आहेत,” तो म्हणाला, आणि त्याने काम काढून टाकलं.

रांग धावत सुटली. निरोपामागून निरोप गेले. ऑफिसात कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

समन्वयक बाईंचा पुन्हा फोन आला. त्यांनी आभार मानले. किडनीला माणूस मिळाला होता, पिशवी भरून घरून निघालाही होता. खरं तर ती आधी दुसऱ्याच पेशंटला लागली होती, पण त्यांचा निरोपच रद्द झाला, आणि रद्द म्हणजे नकार. “भीती वाटते हो लोकांना,” बाई म्हणाल्या. “इतकी वाट बघतात आणि ऐन वेळी नाही म्हणतात.”

परवानगी तेव्हा आली. शंकासुराने नोंद उघडली, वाचली, आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

“भाजी नाहीये,” ती म्हणाली.

त्याचा फोन वाजत होता. तो त्याने उचलला नाही. अर्जाचा फॉर्म उघडला आणि सावकाश, एकही रकाना न सोडता भरला.

‘काढून टाकलेले काम रांगेत त्याच्या मूळ जागी पुन्हा ठेवण्यात यावे, ही विनंती. पहिल्यांदा फॉर्म तपासताना नोंदीवर केलेली चाचणीची खूण नजरचुकीने तशीच राहिली. रुग्ण खरी आहे. तिने नकार दिलेला नाही. अर्जदाराचे रुग्णाशी नाते: धाकटा भाऊ.’