खाडीवरच्या घरांचा चाहता

लागोसच्या खाडीत लाकडी खांबांवर उभी असलेली आमची वस्ती पाडणार अशी बोलवा होती, तरी सेवानूची आई निर्धास्त होती. धनाढ्य चीफ अडेरोपो तिच्या चित्रकार लेकाला दोन वर्षं पोसत होते. "एकही घर सोडू नकोस, सगळ्यांची चित्रं काढ," म्हणायचे.

"अगं बायांनो, ज्याचा जीव या घरांवर जडलाय, तो ती पाडू देईल होय?" असं म्हणत ती दर रविवारी चर्चमध्ये चीफसाठी मोकळ्या गळ्याने गायची.

शेवटचं चित्र होडीत चढलं, तेव्हा तिने चीफसमोर गुडघे टेकले. "साहेब, वस्तीचं तेवढं बघा."

चीफ गहिवरले.



"माय, या चित्रांसाठीच तर इतके दिवस थांबलो होतो. उद्या माझी माणसं करवती घेऊन येतील."